नववा आवाज

संध्याकाळचे पाच वाजत आले की आमच्या खोल्यांमधल्या बायका तोंडं मिटून घ्यायच्या. एरवी त्या तोंडांना विसावा ठाऊक नव्हता. नळावर, ओट्यावर, भांडी घासताना, पोरींच्या उवा काढताना त्यांचं अखंड चालू असायचं. पण पाचला क्रशरची घरघर थांबायची, टेकडीमागून शिट्टी यायची, आणि भाकरी थापता थापता आईचा हात परातीतच थबकायचा. मग बार व्हायचे. सुरुंगाला आमच्यात बार म्हणत. प्रत्येक आवाजाला छपराचे पत्रे थरथरायचे, फळीवरची पातेली एकमेकांना लागायची आणि बायका ओठांतल्या ओठांत मोजायच्या. आज किती भोकं भरलीत हे दुपारीच वस्तीभर झालेलं असायचं. तेवढे आवाज पुरे झाले की हात पुन्हा चालू आणि तोंडंही. त्या वेळात तव्यावरची भाकरी करपली तर घरातला पुरुष मुकाट्याने खायचा.

आंबिवली स्टेशनापासून पाऊण तास चाललं की टेकडीच्या मागे ती दगडखाण होती, आणि तिच्या अलीकडे आम्हा कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. मोजण्यात गंमत नव्हती. खडकात मशीनने भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि प्रत्येकातून एक वात बाहेर काढायची. वाती मुद्दाम लहानमोठ्या कापत, म्हणजे आवाज एकात एक न मिसळता सुटे सुटे यावेत. भोकं दहा आणि आवाज नऊ झाले तर एक बार आत मुका बसलाय असं समजायचं आणि बारवाल्याने तो शोधून निकालात काढेपर्यंत खाणीत कुणी पाऊल टाकायचं नाही. आमचे बाबा बारवाले होते. दारू भरायचे ते, वात पेटवायचे ते, लाल निशाण धरून आवाज मोजायचे ते, आणि सगळं ठीक झालं की दोन लांब शिट्ट्या मारून खाण मोकळी झाल्याचं सांगायचेही तेच. त्या दोन शिट्ट्यांच्या भरवशावर पन्नास माणसं आत जायची.

आता लिहायला हरकत नाही, बाबांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. मी सहावीत असतानाच त्यांचे कान गेले. डावा साफ, आणि उजव्यात ओरडून बोललं तर थोडं शिरायचं. वीस वर्षं दारूजवळ काढल्यावर दुसरं काय व्हायचं? पण बहिऱ्या माणसाला बारावर कोण ठेवणार? बारवाल्याची मजुरी इतरांपेक्षा बरी होती आणि मानही होता. मग आमच्या घरात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून, आम्ही तिघांनी एक लबाडी ठरवली. शाळेतून आले की मी पाचला बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. निशाण त्यांच्या उजव्या हातात, डावा हात माझ्या हातात. एक आवाज झाला की मी त्यांचं एक बोट दाबायची. सगळे झाले की पूर्ण पंजा दाबायची आणि मग ते शिट्टी मारायचे. लोकांना वाटायचं पोरगी आवाजाला घाबरून बापाला चिकटते. मला 'बापाची शेपटी' म्हणायचे. मी चिडायचं नाटक करायची, पण मनातून मला त्या कामाचा केवढा गर्व होता! पन्नास माणसांचा जीव माझ्या बोटांवर आहे, हे कुणाला माहीत नसलं तरी मला माहीत होतं.

मशीन चालवायला कान्हाकाका होते. पायथ्याच्या गावातले आगरी, बाबांचे जिवाभावाचे दोस्त. दुपारी दोघे एकाच दगडावर बसून डबे उघडत. कान्हाकाकांच्या डब्यात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि वालाचं बिरडं, आमच्यात ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी अर्धी वाटणी व्हायची. कान्हाकाका बोलत राहायचे आणि बाबा हसून मान डोलवायचे. मित्राला ऐकू येत नाही हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही, कारण कान्हाकाकांना उत्तराची गरजच नसे. उन्हाळ्यात ते ताडगोळ्यांचा घड खांद्यावर टाकून यायचे आणि पहिला सोललेला गोळा माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, "खा गो शेपटी."

त्या दिवशी नऊ भोकं होती. मी नऊ आवाज मोजले. आजही डोळे मिटले तर ते जसेच्या तसे ऐकू येतात. शेवटचा जरा जाडसर होता, पण होता. मी पंजा दाबला. बाबा क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा दाबला. त्यांनी शिट्टी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालून घेत असताना, कुठलीही शिट्टी न होता, खाणीतून एक आवाज आला. आईच्या हातातून माझे केस सुटले. अवेळी झालेल्या आवाजाचा अर्थ वस्तीतल्या तान्ह्या पोरालाही कळत असे. एक बार रात्रभर मुका बसला होता आणि कान्हाकाकांचं मशीन त्याच्यावरच चाललं होतं. त्यांचा उजवा डोळा गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं.

मुकादमाने बाबांना सगळ्यांसमोर विचारलं. ते म्हणाले, "मोजण्यात चूक माझी झाली." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाबांचं निशाण काढून घेतलं आणि त्यांना ट्रकमध्ये दगड भरायला लावलं. वस्तीत आम्हाला कुणी वाईट बोललं नाही, पण नळावर आई गेली की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि ते पाचच्या शांततेपेक्षा फार वाईट होतं. कान्हाकाका कल्याणला दवाखान्यात. बाबा दोनदा भेटायला गेले आणि दोन्ही वेळा फाटकापासून परत आले. आणि एक दिवस जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "पायाला आठच लागलेले." त्यांना वाटलं आपण हळू बोलतोय. मी चुलीपाशीच होते. कान गेले तरी बार फुटल्यावर जमिनीचा हादरा त्यांच्या तळव्यांना कळायचा. त्यांच्या पायांनी आठ मोजले होते, माझ्या कानांनी नऊ, आणि त्यांनी स्वतःच्या पायांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला होता.

 बाबा मला एक शब्द बोलले असते, त्यांनी एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात एकच होतं. मी नऊ ऐकले होते की मला घरी जायची घाई झाली होती? त्या दिवशी मैत्रिणीकडे सागरगोट्यांचा डाव मांडलेला होता, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. एका माणसाचा डोळा माझ्या खेळापायी गेला की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्याचं उत्तर काहीही येवो, ते मिळाल्याशिवाय मी राहणार नव्हते. आई म्हणायची, ही एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. म्हणायची आणि स्वतःच जीभ चावायची, कारण बाप म्हणजे तिचाच नवरा.

उत्तराचा पहिला धागा ट्रकने दिला. बाबांचा डबा घेऊन मी खाणीत गेले होते. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या ट्रकचा मागचा फाळका ड्रायव्हरने धाडकन पाडला आणि मला दोन आवाज आले. एक फाळक्याचा, आणि त्याच्या मागोमाग एक जाडसर, घशातून आल्यासारखा. मी वळून बघितलं. समोरच्या भिंतीत, ट्रकच्या बरोबर सामोरं, बोगद्याचं काळं तोंड होतं. हा बोगदा आमच्या जन्माआधीचा. पूर्वीच्या कुणा ठेकेदाराला अख्खा डोंगर एकाच दणक्यात पाडायचा होता. टेकडीच्या पोटात खोल बोगदा खणायचा, तो दारूने गच्च भरायचा आणि पेटवून द्यायचा, असा त्याचा बेत. वरून परवानगी आली नाही, ठेकेदार गाशा गुंडाळून गेला आणि बोगदा तसाच राहिला. पुढे त्याच्या तोंडावर मुरुमाचा एवढा ढीग पडला की आम्ही पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायचो. तो मुरूम रस्त्याच्या भरावासाठी नुकताच ट्रक भरभरून गेला होता. कधी गेला? अपघाताच्या त्याच आठवड्यात.

मी धावत मुकादमाकडे गेले आणि एका दमात सांगितलं. तो हसला. "अगं, तो बोगदा दहा हातांवर बसलाय. आत छप्पर कोसळलंय. तिथून कसला डोंबलाचा आवाज येणार? जा, अभ्यास कर." बाहेरून बघितलं तर तसंच दिसत होतं खरं. दहा हातांवर दगडांचा ढीग, त्यापुढे काळोख. म्हणजे कुणीतरी आत जाऊन बघायला हवं होतं, आणि जाणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

रविवारी खाण बंद असे. मी दुपारी कंदील पदराआड, म्हणजे परकराआड, लपवून निघाले. ओट्यावर आई तांदूळ निवडत बसली होती. "कुठे?" मी खोटं बोलणार होते, पण खोट्याने आमचं काय झालं ते दिसत होतं. मी खरं सांगितलं.  आईने सूप शेजारणीकडे सरकवलं, पदर कमरेला खोचला, आणि बाजेची दोरी सोडायला लागली. "एकटी जातेस? मेलीस आत तर तुझ्या बापाला काय सांगू, पोरगी आवाज शोधायला गेलेली?"

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागला. उन्हातून आलेल्या अंगाला तो बरा वाटायला हवा होता, पण मला शिरशिरी आली. आईने दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. ढीग बाहेरून वाटला तेवढा नव्हता. छपराचा एक मोठा कपचा पडून त्याचे तुकडे झाले होते आणि ते माझ्या छातीपर्यंतच आले होते. त्यांच्यावरून पलीकडे हवा मोकळी वाहत होती. मी चढले, गुडघे सोलवटले, पलीकडे उतरले. दोरी तिथेच संपली. आई म्हणाली, "बस झालं, बघितलंस ना, ये परत." मी दोरी सोडली. तिच्या हाताला ढील लागताच तिने मला जी शिवी दिली ती मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती, आणि नंतरही नाही.

मी पावलं मोजत चालले. मोजायचं तर आता चुकायचं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात भिंतींवर छिन्नीचे घाव दिसत होते, एकसारखे, उभे, जणू कालच कुणी मारलेत. खाली घोट्याएवढं पाणी, वर वाघळं. माझ्या कंदिलाने ती उठली आणि डोक्यावरून अशी काही गेली की मी खालीच बसले, पाण्यात. वास उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्रेसष्ट पावलांवर मी बसले होते, तिथूनच पुढे चौसष्ट मोजलं. दीडशेच्या पुढे भीती थकली असावी, कारण मग मी मोठ्यांदा मोजायला लागले आणि माझा आवाज माझ्या पुढे पुढे चालला. दोनशे अकराव्या पावलाला बोगदा संपला. समोर अखंड खडक, सपाट, ओला, परातीच्या पाठीसारखा. मी त्यावर हात ठेवला. तो कुठेही ढासळलेला नव्हता, म्हणजे आवाज इथवर येऊन परत फिरू शकत होता. तिथे उभी राहून मी रडले. कान्हाकाकांचा डोळा त्याने परत येणार नव्हता हे मला कळत होतं, तरी मी सुटकेनेच रडले.

मागच्या वर्षी वर्तकनगरच्या आमच्या इमारतीशेजारी नव्या टॉवरचा पाया खणत होते. दिवसभर खडकावर हातोडा चालायचा आणि मी नकळत मोजत बसायची. सून म्हणाली, आई, तुम्हाला त्रास होत असेल तर खिडकी लावते. मी नको म्हटलं. आमच्या खाणीत आता पाणी भरलंय म्हणे, आणि त्याला तलाव म्हणून दाखवून काठच्या फ्लॅटना जास्त भाव लावतात. बोगदा त्या पाण्याखाली असणार.

कान्हाकाका दवाखान्यातून घरी आल्यावर, पुढच्या रविवारी, मी सगळ्यांना खाणीत बोलावलं. तेरा वर्षांच्या पोरीच्या बोलावण्यावर मुकादम यायचा नव्हता. आई त्याच्या दारात जाऊन बसली आणि तो आल्याशिवाय उठली नाही. कान्हाकाका डोळ्यावर हिरवं फडकं बांधून, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून आले. बाबा सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांना मी काय करतेय हे सांगितलं होतं, पण ते कान्हाकाकांकडे बघूही शकत नव्हते. मी सगळ्यांना निशाणाच्या जागेवर, पाठ करून उभं केलं आणि म्हटलं, फक्त मोजा. मग कड्याच्या वळणात, जिथून बोगद्याचं तोंड दिसत नव्हतं तिथे, जाऊन एक सुतळी बॉम्ब लावला. "एक," मुकादम म्हणाला. मग ट्रक उभा होता त्या टोकाला, बोगद्याच्या सामोरं जाऊन दुसरा लावला. "दोन," तो म्हणाला, आणि लगेच, "तीन."

"लावले किती?" मी विचारलं आणि उरलेले बॉम्ब त्याच्यापुढे धरले. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा लावून घेतले. शेवटी तो स्वतः ढिगावर चढून बोगद्यात डोकावून आला. "च्यायला, मोकळा आहे की," तो म्हणाला. "म्हणजे आठ भोकं वळणात होती, एक इथे टोकाला. टोकाचा आवाज बोगद्याने परत दिला. वळणातलं एक मुकं राहिलं आणि बोगद्याने भरती केली. कुणीही नऊच मोजले असते." मग तो बाबांकडे गेला, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मुकादम लोक ओरडतात तसा ओरडून म्हणाला, "तुझ्या कानाचा दोष नाही बाबा! उद्यापासून निशाण घे परत!"

हे बाबांना ऐकू गेलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उघडला. आईने माझा दंड धरला आणि इतका जोरात दाबला की वळ उठले. तिला माझा स्वभाव माहीत होता. गप्प बस, असं ती त्या बोटांनी सांगत होती. आणि गप्प बसायला काय हरकत होती? मला हवं ते सगळं मिळालं होतं. माझी चूक नव्हती, बाबांचं नाव परत आलं होतं, मजुरी परत येणार होती. फक्त उद्या पाचला मी पुन्हा तिथे उभी राहणार होते, बाबांचं बोट धरून, आणि पन्नास माणसं आत जाणार होती. माझ्या कानाला पुन्हा कधी काय फसवील ते मला माहीत नव्हतं. बाबांच्या पायांना मात्र त्या दिवशी खरं माहीत होतं, आणि माझ्यामुळे त्यांनी पायांचं ऐकलं नव्हतं.

"बाबांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "वर्षभर मोजते ती मी. त्या दिवशीपण मीच मोजलेले."

 मुकादमाचा हात बाबांच्या पाठीवरून हळूहळू खाली आला. आईने माझा दंड सोडला आणि तोंडावर पदर घेतला. बाबांना काही कळलं नव्हतं. ते अजून हसतच होते आणि सगळे असे का झाले म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कान्हाकाका काकूंना सोडून चाचपडत पुढे आले. मला वाटलं, मारणार. मी तयार होते. ते माझ्यापुढून गेले आणि बाबांच्या डाव्या बाजूला, साफ गेलेल्या कानाशी उभे राहिले. एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत अगदी हळू म्हणाले, "बहिरा झालास तं मना सांगाचा व्हता रं. माजं दोन कान व्हतं ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाला?"

वर्षभर मी त्यांचे कान होते आणि तेवढ्या काळात मी पुष्कळ वाक्यं बदलली होती. खाणीचा शेठ आईबहिणीवरून बोलला तर मी सांगायची, लवकर आटपा म्हणतोय. कुणी टोमणा मारला तर सांगायची, तुमची चौकशी करत होता. हेही बदलता आलं असतं. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले, टाचा उंचावल्या, आणि कान्हाकाकांचं वाक्य, त्यांच्याच बोलीत, एक शब्द इकडचा तिकडे न करता, त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

बाबांचं हसू गेलं. त्यांनी कान्हाकाकांचा फडक्यात गुंडाळलेला हात दोन्ही हातांत घेतला. ते जे म्हणाले ते त्यांना फक्त मित्रालाच सांगायचं होतं. पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही. "काम जाईल म्हणून भ्यालो रे, कान्हा," ते म्हणाले, आणि ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.